ज्या बाजूने चढलो, त्या बाजूने उतरायचं नाही

मोटार घेऊन सहलीला निघालेल्या मुंबईकराचा खरा तोटा पेट्रोलचा नसतो, टोलचाही नसतो. रविवारी संध्याकाळी खालापूरच्या नाक्याअलीकडे तासभर अडकून पडणं बहुतेकांनी आता सहलीतच धरलेलं आहे. तोटा वेगळा आहे. गाडी जिथे लावली तिथेच परत यावं लागतं. डोंगराच्या ज्या अंगाने चढलो त्याच अंगाने उतरायचं, खाडीच्या ज्या काठावर पोचलो तिथूनच मागे फिरायचं. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, पण जाता येत नाही, कारण अलीकडे कुणाच्या तरी अंगणात पैसे मोजून गाडी उभी केलेली असते.

लोकल, एसटी आणि लाँच यांच्या भरवशावर फिरणाऱ्याला ही अडचण नाही. पनवेलहून डोंगरात शिरावं आणि नेरळला बाहेर पडावं. उरणहून निघावं आणि गेटवेला उतरावं. मुंबईभोवती अशा आरपार वाटा बऱ्याच आहेत आणि त्या हौशी लोकांसाठी कुणी आखलेल्या नाहीत. दूध, भाजी, मासळी, शाळा, बाजार, तालुक्याची कचेरी यांच्यापायी माणसं वर्षानुवर्षं ये-जा करतात त्याच या वाटा. सकाळी घरून निघून रात्रीच्या जेवणाला घरी, अशा बेताच्या काही वाटा इथे सांगते. सगळ्या सांगणं शक्य नाही, काही मुद्दामच सांगणार नाही. नाव छापून आल्यावर धबधब्यांचं काय होतं ते दर पावसाळ्यात आपण वाचतोच.

माथेरानपासून सुरुवात करू, कारण तिथे दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला बंदी आहे हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. सुट्टीच्या दिवशी त्या दस्तुरीच्या वाहनतळावर जागा मिळवताना मात्र तोंडचं पाणी पळतं. नेरळहून वर येणारा घाटरस्ता गाड्यांनी तुंबलेला आणि ज्या गावात मोटार नाही म्हणून यायचं, त्याच्या वेशीवर हॉर्नचा कलकलाट. या सगळ्याकडे पाठ फिरवून हार्बरने पनवेल गाठावं आणि पनवेलच्या एसटी स्टँडवरून ढोधाणीची बस धरावी.

नेरे मागे पडलं की शहर संपतं. उजव्या हाताला प्रबळगड, डावीकडे चंदेरीचा सुळका आणि समोर माथेरानची लांबच लांब भिंत. मधल्या खोऱ्यात पनवेलला पाणी देणारं गाढेश्वरचं धरण. दिवाळीच्या सुमारास या भागात भाताची कापणी चालू असते. बांधावर पेंढ्या पडलेल्या, खळ्यावर झोडणी, आणि सगळीकडे ओल्या पेंढ्याचा वास. सकाळच्या या गाडीत शिक्षक असतात, अंगणवाडीताई असतात, पहाटेच पनवेलच्या बाजारात माल टाकून रिकाम्या पाट्या घेऊन परत निघालेल्या बायका असतात. पाठीवर सॅक आणि पायात बूट घातलेला माणूस दिसला की कंडक्टर तिकीट फाडण्याआधीच ओळखतो.

"सनसेटला का? उतरणार कुठे?"

"नेरळला."

"मग बरंय. इकडेच परत येणार असतात त्यांना मी आधी शेवटच्या गाडीची वेळ सांगतो. नंतर माझ्याकडे फोन येतात."

ढोधाणीतून वर जाणारी पायवाट माथेरानच्या सनसेट पॉइंटपाशी निघते. रमतगमत दोन-अडीच तास. पहिला तासभर उन्हाचा, नंतर चांगलं दाट रान लागतं. या वाटेने खालच्या वाड्यांमधली माणसं भाजी, दूध, सरपण घेऊन वर जातात. माथेरानच्या हॉटेलांतलं स्वयंपाकघर अशा डोक्यावरच्या ओझ्यांवरही चालतं, हे वर मोदक-चिक्की घेणाऱ्यांच्या गावी नसतं. चढावर मला एक ठाकरीण मागून येऊन मिळाली. डोक्यावर चुंबळ, तीवर पाटी, पाटीत तवसं आणि दोडकी, पायात रबरी चपला. मी दगडावर टेकलेली पाहून म्हणाली, "बसू नको बाय. बसलं का पाय जड व्हतात." मग तिच्याच चालीने चालले, म्हणजे चालण्याचा प्रयत्न केला. तिने वाटेत बुटांची किंमत विचारली. मी निम्मीच सांगितली, तरी ती जी हसायला लागली ती पुढच्या वळणापर्यंत हसत होती. दुपारच्या आत माल देऊन ती पुन्हा खाली उतरणार होती. घरी गाय होती.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौक गावाकडून चढून इथे आला आणि त्याने माथेरान ‘शोधलं’, असं पुस्तकांत असतं. ठाकर, कातकरी आणि धनगर तेव्हाही या डोंगराच्या चारी अंगांनी चढत-उतरत होतेच. पुढे आदमजी पीरभॉय घराण्याने पैसा घालून नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर आणली, ती १९०७ साली सुरू झाली. एकवीसेक किलोमीटरला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेल्यावर नेरळपासूनची गाडी बंद पडली, ती ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा धावू लागली. पावसाळ्यात मात्र फक्त वरच्या वर, अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. माथेरानच्या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. माणसाने माणसाला ओढायचं हे संपायलाच हवं होतं. त्यांच्या जागी येणाऱ्या ई-रिक्षा हातरिक्षावाल्यांच्याच हाती राहतात की आणखी कुणाच्या, एवढं बघायचं आहे.

सनसेट पॉइंटवरून बाजारपेठेपर्यंत लाल मातीची, बरीचशी सपाट वाट आहे. बाजारातून रुळांच्या कडेकडेने दस्तुरी, तिथून नेरळला सीटवर चालणारी टॅक्सी. तिथे वाहनतळातून गाडी बाहेर काढायला धडपडणारे दिसतात. आपण टॅक्सीत चौथ्या सीटवर बसून निघून जातो. नेरळहून कर्जत-खोपोलीच्या लोकल असतातच.

आता एसटीबद्दल थोडं, कारण अशा फिरण्याचा कणा तीच आहे. ढोधाणीसारख्या गावाला बस का जाते? पर्यटकांसाठी नक्कीच नाही. ती जाते शाळेसाठी. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, मुलांना मोठी सवलत आहे, आणि आगारातला वेळापत्रक बसवणारा माणूस शाळेची घंटा डोळ्यांसमोर ठेवून फेऱ्या लावतो. मुक्कामी गाडी रात्री गावात झोपते आणि पहाटे पोरांना, दूधवाल्यांना घेऊन तालुक्याला निघते. म्हणून आपल्या दृष्टीने एसटीचं वेळापत्रक उलटं असतं. पहाटे गावातून बाहेर, संध्याकाळी गावात. आपल्याला नेमकं याच्या विरुद्ध जायचं असतं. आरपार वाट इथे कामी येते, कारण ज्या गावात गेलो तिथूनच संध्याकाळी परत निघण्याची गरज उरत नाही.

यातून दुसरी गोष्ट निघते. रविवारी जाऊ नये. शाळा बंद, म्हणून शाळेच्या फेऱ्या बंद. वर रेल्वेचा मेगाब्लॉक. त्यापेक्षा शनिवार कितीतरी चांगला. फक्त शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे एरवीची संध्याकाळची फेरी दुपारीच उरकलेली असू शकते. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीतही शाळेच्या फेऱ्या बंद. एम-इंडिकेटरवर लोकलच्या वेळा नीट मिळतात. एसटीसाठी मात्र आगाराची चौकशी खिडकी आणि जाताना भेटलेला कंडक्टर, हे दोनच विश्वासाचे. खिडकीतला माणूस तिरसट असला तरी चुकीचं सांगत नाही, असा माझा अनुभव आहे.

ऑक्टोबर २०२१ अखेरपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. त्या काळात जीप, इको आणि मिनिडोर यांनी गावोगावचे रस्ते धरले ते धरलेच. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर गाड्यांमध्ये बायकांची गर्दी पुन्हा डोळ्यांत भरू लागली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२२ पासून तिकीटच नाही. एका सासू-सुनेची जोडी मला कर्जतच्या गाडीत भेटली होती. सासूबाईंना फुकट, सूनबाईंना अर्धं. दोघी दर महिन्याला एक देऊळ बघतात. "घरात कुणी विचारत नाही काय गो, आम्हीच निघतो," हे सासूबाईंचं. सूनबाई फक्त डबा सांभाळत होत्या.

आता पाण्याची वाट. ही मला सर्वांत आवडते.

नेरूळ आणि बेलापूरहून खारकोपरपर्यंतची लोकल २०१८ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये ती उरणला पोचली. त्याआधी उरण म्हणजे कंटेनरांच्या रांगेतून धक्के खात जाणारी बस, नाही तर भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच. मोऱ्याला गाळाचा त्रास. ओहोटी लागली की लाँच लागतच नसे, आणि उरणकर त्याप्रमाणे कामाला जायची वेळ बदलत. आता उरण स्टेशनवर उतरून रिक्षा नाही तर मिनिडोरने करंजा गाठायचं. द्रोणागिरीच्या पायथ्याचं हे कोळ्यांचं गाव. सकाळी जेट्टीवर बर्फाचा भुगा, जाळी विणणारे, होड्यांच्या इंजिनांची धडधड आणि भाव ठरवणाऱ्या बायका. तिथे रस्ता अडवून फोटो काढत उभं राहिलं की ऐकून घ्यावं लागतं, आणि ते बरोबरच आहे.

करंजाहून पलीकडे रेवस दिसतं. मधे धरमतर खाडीचं तोंड. होडीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. हेच अंतर मोटारीने जायचं तर पेण, वडखळ, पोयनाड करत अख्ख्या खाडीला वळसा घालावा लागतो, आणि वडखळ हे नाव काढलं की कोकणात जाणारा कुठलाही माणूस कपाळाला हात लावतो. होडीत भाजीच्या पाट्या असतात, दुचाकी असतात, लग्नाच्या पत्रिका वाटत निघालेले मामा असतात. रेवस-करंजा पुलाचं काम आता हाती घेतलं आहे. पुलाचा विचार मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनचा. पूल झाला की होडी राहील का, हे होडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "पूल आजोबांपासून ऐकतोय. पाव्हणं, आधी तिकीट काढा." मी पाव्हणं नव्हे, पाव्हणी, पण त्याचं लक्ष दोरखंडाकडे होतं.

या वाटेचं खरं वेळापत्रक चंद्राकडे आहे. तिथीला पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणून भरती सहाला. एकादशीला सव्वाआठला. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब थोडा ढोबळ आहे, पण एका दिवसाच्या सहलीला पुरतो. आता बेत बघा. एकादशी-द्वादशीचा दिवस धरला तर सकाळी साडेआठ-नऊला करंजा-रेवसमध्ये भरपूर पाणी असतं, होडी बिनधास्त लागते. तेच पाणी अडीच-तीनच्या सुमाराला अलिबागला इतकं ओसरतं की कुलाबा किल्ल्यात वाळूवरून चालत जाता येतं. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी येते खरी, पण तेव्हा भांगाची, म्हणजे मंद भरती-ओहोटी असल्यामुळे पाणी पुरतं हटत नाही, गुडघाभर तरी तुडवावं लागतं. म्हणून माझ्या मते सहलीचा दिवस कालनिर्णय बघून ठरवावा. एकादशीचा उपास असेल तर अलिबागला साबुदाण्याची खिचडी मिळते.

रेवसहून अलिबागची एसटी चोंढीवरून जाते. मधे किहीमचा फाटा लागतो. सलीम अलींनी सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास याच किहीमला केला होता. वाटेत पांढऱ्या कांद्याच्या माळा बघायच्या असतील तर मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर यावं लागेल, दिवाळीत नाही. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक पांढरा कांदा आता अलिबागचाच झाला आहे, हा भाग वेगळा.

कुलाबा किल्ल्याकडे जाताना समुद्रकिनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळेची इमारत आहे. ती इथे का आली, ही गोष्ट आपल्या विषयाशी नातं सांगणारी आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईत कुलाब्याला होत. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने सूक्ष्म नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली. विजेची ट्राम १९०७ ला आली, १९६४ ला गेलीसुद्धा. वेधशाळा अजून अलिबागला आहे. मुंबईच्या सार्वजनिक वाहनामुळे गाव सोडून शांत ठिकाणी आलेली ही पहिली पाहुणी म्हणायची.

परतीला मांडवा. अलिबागहून लाँच कंपन्यांच्याच बस सुटतात, बस आणि लाँच मिळून एकच तिकीट असतं. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, त्यामुळे ही वाट सप्टेंबर ते मे एवढीच. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोटही येते. म्हणजे मोटार इथेही पोचली, पण बोटीत तरी ती गप्प असते. थंडीत लाँचमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो आणि लोक त्यांना कुरकुरीत तळलेलं काहीबाही फेकतात. फेकू नये. पक्षी मासे खाऊन जगतात, त्यांना आपल्या फरसाणाची गरज नाही.

ज्यांना जास्त चालायचं आहे त्यांच्यासाठी कर्जत-राजमाची-लोणावळा. कर्जतहून कोंडिवडे, तिथून कोंडाण्याची लेणी, लेण्यांपासून चढून राजमाचीचं उधेवाडी, आणि मग लोणावळ्यापर्यंत पंधरा-सोळा किलोमीटरचा कच्चा रस्ता. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले याच दिवशी बघायचा हट्ट करू नये. कर्जत ते लोणावळा लोकल नाही, घाट आहे. चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात आणि तोवर फलाटावर वडे खपतात. लोणावळ्याला पोचल्यावर पुण्याहून येणारी जी गाडी मिळेल ती पकडावी लागते, बसायला जागा मिळेल अशी आशा धरू नये. दिवसभरात पंचवीस किलोमीटर चालायची सवय नसेल तर हा उद्योग करूच नये.

गुडघे दुखणाऱ्यांना अर्नाळा. विरारला उतरून पश्चिमेहून अर्नाळ्याची बस, आणि किनाऱ्यावरून काही मिनिटांची होडी. मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतलेला हा पाणकोट, आत विहिरी आणि शेती, बाहेर कोळ्यांची वस्ती. सकाळी चर्चगेटहून निघालात तर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या मालडब्यात वसई-विरारकडची फुलं, भाजी आणि दुधाच्या किटल्या शहरात येताना दिसतील. तुम्ही त्यांच्या उलट दिशेला चाललेले असता, म्हणून बसायला जागा मिळते.

एक तक्रार करून ठेवते. या सगळ्या वाटांवर बायकांना जाण्याजोगं स्वच्छतागृह तालुक्याच्या स्टँडनंतर जवळपास नाही. तालुक्याच्या स्टँडवर आहे ते कसं आहे, हे इथे सणाच्या अंकात लिहीत नाही. बायका पाणी कमी पितात आणि उन्हात चढतात. अर्ध्या तिकिटाने जितक्या बायका बाहेर पडल्या, त्यांच्या सवलतीच्या निम्म्या खर्चात हे झालं असतं असं मी म्हणणार नाही, आकडा माझ्याकडे नाही. पण गावच्या शाळेत विचारलं तर बहुतेक ठिकाणी बाई आत घेतात, आणि वर चहा विचारतात. तेवढ्यासाठीही शनिवारची सकाळ बरी.

आरपार वाटांचा मूळपुरुष म्हणजे नाणेघाट. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने वैशाखरेपुढे उतरावं आणि अडीच-तीन तासांत घाटमाथा गाठावा. सोपारा आणि कल्याण बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला, पुढे पैठणला जाई. माथ्यावरच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञांतल्या दक्षिणेचे आकडे त्यात कोरलेले आहेत आणि भारतीय अंकांच्या इतिहासात ते महत्त्वाचे मानतात. बाहेर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकत, असं सांगतात. इथे येणारे बहुतेकजण आल्या वाटेने उतरतात, किंवा जुन्नरकडून मोटारीने थेट माथ्यावर येऊन अंगठा म्हणतात त्या सुळक्याचा फोटो काढून जातात. घाट चढून जायचा, घाटघरवरून जुन्नरला उतरायचं आणि जुन्नरहून माळशेजमार्गे कल्याणची एसटी धरायची, हा खरा बेत. दिवस मोठा होतो, पहाटेची पहिली गाडी लागते, आणि घाटघरहून जुन्नरला जाणारी फेरी आदल्या दिवशी जुन्नर आगाराला फोन करून विचारलेली बरी.

आणखी एक वाट लवकरच हाताशी येईल. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं काम चालू आहे, त्यावर चिखले, मोहोपे आणि चौक ही स्टेशनं आहेत. चौकला लोकल थांबू लागली की मॅलेटच्या डोंगरावर तो चढला त्याच गावाकडून चढता येईल. चौकवरून वन ट्री हिलची घळ चढायची, बाजारात जेवायचं, दस्तुरीहून नेरळ. घळीतली वाट उभी आहे, पावसाळ्यात दगड सुटतात, म्हणून नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबावं आणि पहिल्यांदा जाताना चौकच्या वाड्यांमधला कुणीतरी वाटाड्या सोबत घ्यावा. त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवून, रोख द्यावी.